मानसिक आजाराच्या औषधासोबतची ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी : कशासाठी, कधीपर्यंत आणि कोणी जपून घ्यावी?

निर्झरा

नमस्कार. माझा धाकटा भाऊ स्किझोफ्रेनियासाठी गेली अनेक वर्षे रिस्पेरिडोन घेतो. त्याच्या गोळीत रिस्पेरिडोनबरोबर २ मिलिग्रॅम ट्रायहेक्सिफेनिडिल असते आणि ती गोळी तो सकाळ-संध्याकाळ घेतो, म्हणजे या दुसऱ्या औषधाचा दिवसाचा डोस ४ मिलिग्रॅम होतो. आजार बऱ्यापैकी आटोक्यात आहे. भास होत नाहीत आणि तो वडिलांना किराणा दुकानात मदत करतो. मात्र त्याचे तोंड सतत कोरडे असते, दाढा किडल्या आहेत, पोट तीन-तीन दिवस साफ होत नाही आणि गिऱ्हाइकाने सांगितलेला जिन्नस आत जाईपर्यंत तो विसरून जातो.

आधीचे डॉक्टर निवृत्त झाले असून नव्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली आहे. "यातले दुसरे औषध हातपाय आखडू नयेत म्हणून आहे" एवढेच आम्हाला सांगितले गेले होते. ते सुरू केले तेव्हा त्याचे हातपाय खरोखर आखडले होते का, हे घरात कोणालाही नीट आठवत नाही आणि जुन्या केसपेपरवरही तशी नोंद दिसत नाही. अलीकडे तो रिकाम्या तोंडाने काहीतरी चघळत असल्यासारखे ओठ आणि जबडा हलवतो. आईचे म्हणणे असे की ही हालचाल थांबावी म्हणून दुसरे औषध वाढवून घ्यावे. मला मात्र ते बंदच करावे असे वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

डॉ. आरोह

निर्झराताई, मी मनोविकारतज्ज्ञ आहे, परंतु रुग्ण तपासल्याशिवाय डोस सांगणे योग्य नाही, म्हणून येथे फक्त विचार कसा करावा एवढेच लिहितो. पुढच्या आठवड्यापर्यंत काहीही वाढवू नका आणि काहीही बंद करू नका. तुमची आणि तुमच्या आईंची, दोघींचीही सूचना घाईची आहे, आणि त्यातही आईंची सूचना अधिक धोक्याची आहे.

मेंदूच्या ज्या भागातून हालचालींचे नियंत्रण होते, तेथे डोपामिन आणि अॅसिटिलकोलिन ही दोन रसायने एकमेकांना लगाम घालतात. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, ट्रायफ्लुओपेराझिन यांसारखी औषधे डोपामिनची वाट अडवतात. त्यामुळे भास आणि संशय कमी होतात, पण अॅसिटिलकोलिनवरचा लगाम सुटतो आणि शरीर ताठ होऊ लागते. ट्रायहेक्सिफेनिडिल हे अॅसिटिलकोलिनच्या मस्कॅरिनिक ग्राहींना (पेशींवरच्या, रसायनाचा संदेश घेणाऱ्या जागांना) रोखणारे, म्हणजे अँटिमस्कॅरिनिक औषध आहे. तपशील बाजूला ठेवला तर त्याचे काम एवढेच की सुटलेला लगाम पुन्हा काही प्रमाणात ओढणे.

अडचण अशी की मनोविकारांच्या औषधांमुळे होणारे हालचालींचे विकार एका जातीचे नसतात, आणि हे औषध त्यांतल्या काहींनाच लागू पडते. औषध सुरू झाल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही तासांत वा पहिल्या काही दिवसांत मान एका बाजूला पिळवटणे, डोळे वर चढून तेथेच अडकणे, जीभ बाहेर येणे किंवा जबडा आवळणे याला तीव्र डिस्टोनिया म्हणतात. यात अँटिमस्कॅरिनिक औषध अतिशय प्रभावी ठरते. काही आठवड्यांत येणारा संथपणा, चेहऱ्यावरचे भाव हरवणे, हातांचा कंप आणि पाय घासत चालणे हा औषधजन्य पार्किन्सनिझम. यात त्याचा उपयोग बऱ्यापैकी होतो, पण आधी मूळ औषधाचा डोस कमी करता येतो का किंवा ते बदलता येते का, हे पाहायला हवे. एका जागी बसवत नाही, सारख्या येरझाऱ्या घालाव्याशा वाटतात, अशी जी आतून येणारी तगमग असते, तिला अकाथिसिया म्हणतात आणि तिच्यात या गोळीचा उपयोग फारच थोडा असतो.

चौथा प्रकार टार्डिव्ह डिस्किनेसिया. तो महिने किंवा वर्षे औषध घेतल्यावर येतो. ओठ चघळल्यासारखे हलणे, जीभ आत-बाहेर होणे, बोटांच्या नकळत होणाऱ्या हालचाली ही त्याची नेहमीची रूपे आहेत. यात डोपामिनच्या ग्राही वाजवीपेक्षा संवेदनशील झालेल्या असतात, आणि अशा वेळी अॅसिटिलकोलिन आणखी दाबले तर हालचाल कमी होण्याऐवजी वाढू शकते. तुम्ही लिहिलेले वर्णन या चौथ्या प्रकाराच्या जवळ जाते. तो तोच आहे असे मी म्हणत नाही, परंतु तो असला तर ही गोळी वाढवणे म्हणजे उलट्या दिशेने जाणे होईल.

शंकासुर

डॉक्टर, एक प्रामाणिक प्रश्न. ताठरपणा येण्याची शक्यता आहे हे आधीच माहीत असेल, तर पहिल्या दिवसापासून ही गोळी देण्यात गैर काय? माझ्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या चिठ्ठीवर ती असते.

डॉ. आरोह

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच यावर एकमताचे निवेदन प्रसिद्ध केले होते. दीर्घकाळ अँटिसायकोटिक, म्हणजे रिस्पेरिडोनसारखी भास-संशयावरची औषधे, घेणाऱ्यांना ही औषधे प्रतिबंध म्हणून सरसकट देऊ नयेत. पार्किन्सनिझम प्रत्यक्ष दिसू लागला आणि डोस कमी करणे किंवा औषध बदलणे यांचा उपयोग झाला नाही, तरच ती वापरावीत. आणि उपचाराच्या सुरुवातीच्या काळात दिलीच, तर नंतर थांबवून गरज पुन्हा तपासावी, असा त्याचा आशय आहे.

प्रतिबंधक वापर कधीच करू नये, असे मात्र नाही. आक्रमक अवस्थेत आणलेल्या तरुण रुग्णाला हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन द्यावे लागते तेव्हा आपल्याकडे त्याच्याबरोबर प्रोमेथाझिनही देतात. प्रोमेथाझिन हे ॲलर्जीवरचे औषध असले तरी त्यात अँटिमस्कॅरिनिक गुण असतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिओ द जानेरोमधल्या तुलनात्मक अभ्यासात नुसते हॅलोपेरिडॉल दिलेल्या गटात तीव्र डिस्टोनियाचे रुग्ण इतके आढळले की तो अभ्यास मुदतीआधीच थांबवण्यात आला. तेव्हा तरुण वय, पुरुष रुग्ण, तीव्र परिणामाचे औषध आणि पहिलेच काही दिवस अशा परिस्थितीत प्रतिबंधाला आधार आहे. माझी तक्रार आहे ती, त्या काही दिवसांसाठी लिहिलेली गोळी पुढे "तीच औषधे चालू ठेवा" या एका ओळीवर वर्षानुवर्षे चालत राहते, याबद्दल.

औषधीवाला

मी तालुक्याच्या गावी औषधांचे दुकान चालवतो, त्यामुळे काउंटरच्या या बाजूने जे दिसते ते लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे एकत्र गोळ्यांची. रिस्पेरिडोन आणि ट्रायहेक्सिफेनिडिल, ट्रायफ्लुओपेराझिन आणि ट्रायहेक्सिफेनिडिल, इतकेच नव्हे तर क्लोरप्रोमाझिनसह तिन्ही औषधे एकाच गोळीत, अशी पाकिटे आपल्याकडे सर्रास मिळतात. रुग्णाला एकच गोळी गिळावी लागते ही सोय खरी आहे, पण त्यातले एक औषध तसेच ठेवून दुसरे कमी करण्याची वाटच बंद होते. आजार वाढला म्हणून दिवसाला एकाच्या दोन गोळ्या केल्या की कोणी न ठरवता ट्रायहेक्सिफेनिडिलही दुप्पट होते. निर्झराताईंच्या भावाच्या बाबतीत तसेच झाले असण्याची शक्यता आहे. अनेक कुटुंबांना आपल्या गोळीत दोन औषधे आहेत हेच माहीत नसते. मी पाकीट उलटे करून बारीक अक्षरांतली नावे दाखवतो तेव्हा त्यांना कळते.

दुसरी गोष्ट, जी मला अधिक चिंतेची वाटते, ती म्हणजे भर घालणारी इतर औषधे. असा रुग्ण सर्दी झाली म्हणून क्लोरफेनिरामाइन असलेली गोळी मागतो, पोटात कळ येते म्हणून डायसायक्लोमिन घेऊन जातो, झोप लागत नाही म्हणून कोणीतरी अॅमिट्रिप्टिलिन लिहून दिलेले असते. या सर्वांत तोंड कोरडे करणारा, आतडे मंदावणारा आणि लघवी अडवणारा तोच गुण आहे आणि त्यांचा परिणाम एकत्र होतो. गावाकडच्या माणसांना मी एकच सांगतो की धोतऱ्याचे बी पोटात गेल्यावर माणसाचे जे होते, म्हणजे डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे, अंग तापून कोरडे पडणे, घशाला कोरड आणि असंबद्ध बडबड, तेच या औषधांचा अतिरेक झाल्यावर होते. हे त्यांना लगेच पटते, कारण धोतरा सर्वांनी पाहिलेला असतो. गुणधर्मांच्या दृष्टीनेही ते खरे आहे. धोतऱ्यातली अॅट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्ये याच वर्गातली आहेत.

आता एक प्रसंग. एकदा रात्री दुकान बंद करताना शेजारच्या वस्तीवरच्या एका मुलीला जीपमधून आणले होते. तिची मान उजवीकडे वळून खांद्याला टेकलेली होती, डोळे वर गेलेले होते, जीभ दातांत अडकत होती आणि विशेष म्हणजे ती पूर्ण शुद्धीवर होती व रडत होती. बरोबरची मंडळी बाहेरचे काहीतरी झाले आहे असे समजून तिला देवऋषीकडे नेण्याच्या विचारात होती. तिला उलट्या होत होत्या म्हणून आदल्या दिवसापासून मेटोक्लोप्रामाइड सुरू केले होते, हे गोळ्यांची पट्टी पाहिल्यावर माझ्या लक्षात आले. मी त्यांना थेट ग्रामीण रुग्णालयात पाठवले. तेथे प्रोमेथाझिनचे इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत मान सरळ झाली. मेटोक्लोप्रामाइड हे मानसिक आजाराचे औषध नाही, पण ते मेंदूत डोपामिनलाच अडवते आणि तरुण मुलामुलींत असा पीळ आणते, हे पालकांना माहीत असायला हवे.

डॉ. आरोह

औषधीवाला, उत्तम नोंद. त्यात दोन गोष्टींची भर घालतो. इंजेक्शनने आराम पडला तरी मूळ औषध शरीरात काही काळ राहते, म्हणून पीळ परत येऊ शकतो; त्यासाठी पुढचे दोन-तीन दिवस तोंडाने गोळी देतात आणि थांबवतात. दुसरे म्हणजे, अशा रुग्णाला श्वास घेताना घोगरा, शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा गिळता येत नसेल, तर स्वरयंत्राच्या स्नायूंना पीळ पडलेला असू शकतो. तो प्रकार विरळा आहे, पण त्यात मिनिटांचाही विलंब परवडत नाही.

याच्या उलट एक परिस्थिती अशी की जिच्यात ही औषधे घरच्या घरी देऊच नयेत. अँटिसायकोटिक घेणाऱ्या माणसाचे अंग लाकडासारखे ताठ झाले आणि त्याच वेळी जोराचा ताप, घाम, गोंधळलेली शुद्ध आणि वरखाली होणारा रक्तदाब असेल, तर तो साधा ताठरपणा न समजता न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम समजून तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे. अँटिमस्कॅरिनिक औषध घाम थांबवते, म्हणजे शरीराला उष्णता बाहेर टाकण्याचा जो मार्ग उरलेला असतो तोही बंद करते.

रेवा_सांगली

हा धागा वाचताना मला आईच्या आजारपणाचा क्रम पहिल्यांदा नीट उलगडला, म्हणून सविस्तर लिहिते. आईचे वय ७१. पोटात गॅस आणि जळजळ यांसाठी तिला रॅबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड एकत्र असलेली कॅप्सूल सुरू झाली आणि आराम वाटल्यामुळे आम्ही ती विचारल्याशिवाय चालूच ठेवली. काही महिन्यांनी तिची चाल मंदावली, कुशीवर वळताना मदत लागू लागली आणि दोन्ही हात थरथरू लागले. एका डॉक्टरांनी पार्किन्सन म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल दिले. थरथर थोडी कमी झाली, पण तिला रात्री खोलीत लहान मुले बसलेली दिसू लागली, ती मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारू लागली आणि एके दिवशी लघवी अडकल्यामुळे नळी घालावी लागली. भास होतात म्हणून दुसऱ्या ठिकाणी हॅलोपेरिडॉल लिहून दिले आणि त्यानंतर ती अंथरुणालाच खिळली.

शेवटी एका मेंदूविकारतज्ज्ञांनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला सांगितल्या आणि सर्वांत आधी त्या गॅसच्या कॅप्सूलवर बोट ठेवले. आता लेव्होसल्पिराइड आणि हॅलोपेरिडॉल बंद आहेत, ट्रायहेक्सिफेनिडिल टप्प्याटप्प्याने थांबवले आहे. आई हळूहळू स्वतः चालू लागली आहे; भास पूर्ण गेले. माझा प्रश्न असा की हे आधी ओळखता आले असते का?

डॉ. आरोह

रेवाताई, औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध आणि त्याच्या दुष्परिणामावर तिसरे, अशी ही साखळी आहे. ती ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे वयस्कर व्यक्तीत कंप किंवा संथपणा दिसताच मागच्या सहा-आठ महिन्यांत सुरू झालेल्या प्रत्येक औषधाची, पोटाच्या आणि चक्करच्या गोळ्यांसकट, यादी करणे. आपल्याकडे लेव्होसल्पिराइड, मेटोक्लोप्रामाइड, चक्करसाठी दिले जाणारे प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन, अर्धशिशीसाठी दिले जाणारे फ्लुनारिझिन ही औषधे या बाबतीत नेहमीची संशयित आहेत. युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये मेटोक्लोप्रामाइडचा वापर ५ दिवसांपर्यंत आणि प्रौढांत दिवसाला ३० मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित केला. आपल्याकडे मात्र ही औषधे "पोटाची साधी गोळी" म्हणून महिनोन्महिने चालतात, हे मला रोज दिसते आणि रोज खटकते.

औषधजन्य पार्किन्सनिझम बहुधा दोन्ही बाजूंना सारखा आणि वेगाने येतो, तर पार्किन्सनचा आजार एका बाजूने सुरू होतो. परंतु याला अपवाद पुष्कळ आहेत. कारण असलेले औषध थांबवल्यावर आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुतेकांना उतार पडतो. जो पडत नाही, त्यात आधीपासून दडलेला पार्किन्सन त्या औषधाने उघडा पडला असण्याची शक्यता असते, म्हणून आईंना त्या तज्ज्ञांना अधूनमधून दाखवत राहा.

वृद्धांच्या औषधांसाठी अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या बीअर्स निकषांत अँटिसायकोटिकमुळे आलेल्या ताठरपणासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल टाळावे, असे स्पष्ट म्हटले आहे. स्मृतिभ्रंशासाठी डोनेपेझिल घेणाऱ्याला ते देणे तर परस्परविरोधी आहे, कारण एक औषध अॅसिटिलकोलिन वाढवते आणि दुसरे त्याचीच वाट अडवते. पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथी वाढलेली असेल, अरुंद कोनाचा काचबिंदू असेल किंवा आतड्याला अडथळा होण्याचा इतिहास असेल, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी हे त्यांना आपणहून सांगावे. डोळा अचानक लाल होऊन दुखू लागला आणि दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

मुक्तछंद

एवढे सगळे वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की ही गोळी आजच कचऱ्यात टाकावी. नैसर्गिक आहार आणि योगासने यांनी ताठरपणा जातो.

डॉ. आरोह

योगासनांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दीर्घकाळ चाललेले अँटिमस्कॅरिनिक औषध एका दिवसात तोडले तर मळमळ, घाम, निद्रानाश, चिडचिड आणि दबून राहिलेला ताठरपणा एकदम उसळून येऊ शकतो. मग घरचे त्याला मूळ आजार उलटला असे समजतात आणि अँटिसायकोटिकचा डोस वाढवला जातो. रुग्ण निदान तीन महिने स्थिर असेल आणि तपासणीत ताठरपणा दिसत नसेल, तर डोस थोडाथोडा, उदाहरणार्थ दोन ते चार आठवड्यांतून एकदा १ ते २ मिलिग्रॅमने, कमी करत जातात आणि प्रत्येक टप्प्यावर हात, चाल व चेहरा तपासतात. पुष्कळ रुग्णांत नंतर काहीही परत येत नाही आणि स्मरणशक्ती व एकाग्रता सुधारते. काहींना थोडा डोस खरोखर लागतो, आणि त्यांनी तो अपराधीपणा न बाळगता घ्यावा.

अनिकेत

मी स्वतः रुग्ण आहे. बाहेरून सल्ला देणाऱ्यांसाठी आतली बाजू लिहितो. पहिल्यांदा औषध सुरू झाले तेव्हा माझ्या पायांत अशी तगमग सुरू झाली की जेवायला बसलो तरी घास तोंडात घेऊन मी उठत असे. रात्री गच्चीवर फेऱ्या मारत असे. घरच्यांना वाटले वेड वाढले. मी "मला आतून राहवत नाही" असे सांगत होतो, त्याचा अर्थ डॉक्टरांनीही भीती आणि संशय असा लावला आणि गोळी वाढवली. त्यानंतर ती तगमग इतकी असह्य झाली की जगणे नको वाटू लागले. ट्रायहेक्सिफेनिडिलने त्यात काडीचाही फरक पडला नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी मूळ औषध कमी करून प्रोप्रानोलोल दिले, तेव्हा काही दिवसांत मी एका जागी बसून वर्तमानपत्र वाचू शकलो.

आणखी एक गोष्ट संकोच बाजूला ठेवून लिहितो. ट्रायहेक्सिफेनिडिल जास्त घेतले की काही जणांना तरंगल्यासारखे वाटते, हे रुग्णांमध्ये माहीत असते आणि माझ्या ओळखीतला एक जण त्यासाठीच गोळ्या जमवत असे. म्हणून घरात पट्ट्या मोजून ठेवणे गैर नाही. मात्र "मला गोळी हवी" म्हणणारा प्रत्येक रुग्ण नशेखोर असतो असे समजू नका. आखडलेले शरीर परत येईल याची भीती खरी असते.

डॉ. आरोह

अनिकेत, तुमचे लिखाण आमच्या प्रशिक्षणार्थी डॉक्टरांना वाचायला द्यावे असे आहे. अकाथिसियाचा आत्महत्येच्या विचारांशी संबंध आहे, म्हणून तगमगीची तक्रार कधीही हलकी समजू नये. इतर वाचकांसाठी एवढेच की प्रोप्रानोलोल दमा असलेल्यांना चालत नाही, तेव्हा ते स्वतःहून आणून घेऊ नये. ज्यांना असे विचार येत असतील त्यांनी टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलावे; तेथे मराठीतही बोलता येते.

चांदा_ते_बांदा

आमच्या चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. माझा चुलतभाऊ क्लोझापिन हे मानसिक आजाराचे औषध घेतो आणि रात्री तोंडातून लाळ गळते म्हणून त्याला झोपताना ट्रायहेक्सिफेनिडिल दिले आहे. याला काही धोका आहे का?

डॉ. आरोह

दोन धोके आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. क्लोझापिन स्वतःच आतड्याची हालचाल खूप मंदावते. त्यात हे दुसरे औषध मिळाले की साधे बद्धकोष्ठ आतडे पूर्ण बंद पडण्यापर्यंत जाऊ शकते आणि त्यात मृत्यू झालेले आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२० मध्ये क्लोझापिनबद्दलचा हा इशारा अधिक कडक केला. त्याचे पोट रोज साफ होते का, हे घरातल्या एका व्यक्तीने लक्षात ठेवावे. पोट फुगले, दुखू लागले आणि उलट्या झाल्या, तर रेचक देत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. लाळेसाठी काय पर्याय आहे, हे त्यांच्या डॉक्टरांना आवर्जून विचारा.

दुसरा धोका उष्माघाताचा. घाम येत नसल्यामुळे असा माणूस उन्हात इतरांपेक्षा लवकर तापतो आणि अँटिसायकोटिकमुळे तहानेची व उष्णतेची जाणीवही बिघडते. दुपारी ११ ते ४ शेतात किंवा बांधकामावर पाठवू नका, पाणी मागण्याची वाट न पाहता द्या, आणि कातडी गरम व कोरडी लागून तो असंबद्ध बोलू लागला तर ओल्या कापडाने अंग पुसत रुग्णालयात न्या. शक्य असेल तर उन्हाळ्याआधीच डॉक्टरांकडून या गोळीची गरज तपासून घेणे उत्तम.

निर्झरा

सर्वांचे आभार. आज नव्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी भावाला टणक खुर्चीवर बसवले, बूट-मोजे काढायला लावले, तोंडात सुपारी किंवा इतर काही नाही ना ते पाहिले, दाढ दुखते का ते विचारले, आणि मग तोंड उघडायला, जीभ बाहेर काढायला व अंगठ्याने एकेक बोट टेकवायला सांगून त्याच्या ओठांकडे व पायांकडे पाहत राहिले. सौम्य टार्डिव्ह डिस्किनेसिया आहे, असे त्यांचे मत पडले. हातांत व चालण्यात ताठरपणा आढळला नाही. त्यांनी एकत्र गोळी बंद करून रिस्पेरिडोन आणि ट्रायहेक्सिफेनिडिल वेगवेगळे लिहिले आहे. ट्रायहेक्सिफेनिडिल आधी फक्त संध्याकाळचे कमी होईल आणि पुढच्या वेळी पाहून सकाळचे. रिस्पेरिडोन बदलण्याचा निर्णय त्यानंतर. अशा हालचाली कमी करणाऱ्या टेट्राबेनाझिन या औषधाचा उल्लेख त्यांनी केला, पण त्याने मन उदास होऊ शकते म्हणून आताच नको म्हणाले. दातांसाठी दंतवैद्यांकडे चिठ्ठी दिली आहे. आईला हे सर्व पटले आहे. ओठ हलले की ती आता त्याला रागावत नाही.

डॉ. आरोह

तपासणी व्यवस्थित झाली आहे. गोळी कमी होत असताना सुरुवातीला ओठांची हालचाल सुधारण्याआधी स्थिर राहील किंवा किंचित कमी-जास्त होईल, त्याने घाबरू नका. महिन्यातून एकदा त्याची परवानगी घेऊन दोन मिनिटांची चित्रफीत घ्या, एकदा बसलेला आणि एकदा चालताना. आठवणीवर भर देऊन "वाढले की कमी झाले" सांगण्यापेक्षा डॉक्टरांना ती अधिक उपयोगी पडते. पुढे निदान सहा महिन्यांतून एकदा ही तपासणी व्हायला हवी, हालचाल थांबली तरीही.

औषधीवाला

निर्झराताई, दुकानाच्या बाजूने शेवटची सूचना. घरात जुन्या एकत्र गोळ्या उरल्या असतील तर त्या आजच बाजूला काढा, कारण नव्या सुट्या गोळ्यांबरोबर चुकून त्याही दिल्या गेल्या तर कमी करायचे औषध उलट वाढेल, आणि रिस्पेरिडोनही दुप्पट होईल. खरेदी करताना केवळ ब्रँडच्या नावावर जाऊ नका. आपल्याकडे अनेक कंपन्यांत नुसत्या रिस्पेरिडोनला एक नाव असते आणि त्याच नावापुढे "प्लस" किंवा "फोर्ट" लागले की बहुधा त्यात ट्रायहेक्सिफेनिडिल असते. दुकानदाराने "तेच आहे, दुसऱ्या कंपनीचे" असे म्हणून दिले तरी पाकीट उलटे करून घटक वाचा, आणि चिठ्ठीवर डॉक्टरांकडून "फक्त रिस्पेरिडोन" असे लिहून घेतले तर वादच उरत नाही.